भिंत, चुना आणि सिमेंट : आपल्या देवळाच्या गिलाव्याची हकिकत

श्रींच्या कृपेने व ग्रामस्थांच्या सहकार्याने देवालयाच्या जीर्णोद्धाराचे काम तडीस गेले. कळस, मूर्ती व देणगीदार यांविषयी या स्मरणिकेत इतरांनी लिहिले आहेच. मी मात्र कोणाच्या नजरेत न येणाऱ्या गोष्टीविषयी लिहिणार आहे. ती म्हणजे गिलाव्याचा पहिला थर, म्हणजेच अस्तर. प्रस्तुत लेखक इंजिनियर नव्हे. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस आहे. परंतु समितीने देखरेखीचे काम सोपविल्यामुळे जे पाहिले, ऐकले व वाचले, ते नमूद करून ठेवणे कर्तव्य समजतो.

ओवरीच्या जुन्या भिंतीवरील सिमेंटचा गिलावा काढावयास घेतला, तेव्हा पहारीच्या एका घावासरशी हातभर पापुद्रा सुटून खाली आला. आत विटांना लोणा लागून त्यांचे पीठ झाले होते. तो गिलावा माझ्या वडिलांच्या पिढीने केलेला. त्या काळी सिमेंट परमिटावर मिळे. अर्ज, शिफारस व तालुक्याला हेलपाटे, एवढे झाल्यावर चार गोण्या हाती येत. वडील सांगत, की गोण्यांची बैलगाडी वेशीत आली तेव्हा नारळ फोडला होता. एवढ्या श्रद्धेने केलेले काम भिंतीला का मानवले नाही? हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात अस्तराचा उत्तम नमुना अजिंठ्यास आहे. तेथील लेणी काळ्या पाषाणात कोरलेली. गुळगुळीत पाषाणावर माती धरत नाही, म्हणून कारागिरांनी भिंतीवर छिन्नीचे खरबरीत घाव तसेच ठेवले. त्यांवर माती, दगडाची कच, भाताचे तूस व गवताचे तंतू कालवून जाड थर दिला. त्यावर बारीक मातीचा पातळ थर, त्यावर चुन्याचा हात, आणि मग चित्रे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. तेथील गिलाव्याला किडीचा उपद्रव कमी झाला, याचे श्रेय संशोधकांनी या तंतूंना दिले आहे. सांगावयाचे इतकेच, की त्या कारागिरांनी आधी भिंत पाहिली व मग माल ठरविला.

पुढे बांधकामात चुना आला. पेशवाईतील पुष्कळ देवळांत खालचे अंग घडीव दगडाचे, तर शिखर विटांचे व चुनेगच्चीचे असते. चुनखडी भट्टीत भाजून, कळीचा चुना पाण्यात विझवून मुरत ठेवीत. मग बैल जुंपलेल्या घाणीत वाळू व सुरखीसह तो मळीत. गुळाचे पाणी व हिरडाही घालीत. हा चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश पुन्हा दगडासारखा होतो. ओलसर जागी नुसता चुना घट्ट होत नाही. तेथे विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, कामी येते.

सिमेंटचा इतिहास मानाने अलीकडचा. इंग्लंडमधील जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्या देशात पोरबंदर येथे १९१४ साली त्याचे उत्पादन सुरू झाले. चुन्याला दिवसचे दिवस लागत. सिमेंट काही तासांत धरू लागते. साहजिकच घाण्या बंद पडल्या. सिमेंटवरील सरकारी नियंत्रण १९८२ साली अंशतः व १९८९ साली पूर्णपणे उठले. तोपर्यंत जी वस्तू दुर्मिळ ती श्रेष्ठ, अशी लोकांची समजूत झाली होती.

दोष सिमेंटचा नव्हे, जागेचा होता. जुन्या भिंतीखाली ओल अडविणारा थर नसतो. जमिनीतील ओल भिंतीत चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत निघून जाते. सिमेंटचा थर ताठ व बंद; ओल मागे अडकते. तिच्यातील क्षार तेथेच साचतात व फुगतात. त्यामुळे वीट फुटते आणि गिलावा पोकळ होतो. काम पाहण्यास बोलाविलेल्या वृद्ध गवंड्यांना मी विचारले, "नाना, कोणता माल चांगला?" ते म्हणाले, "भाऊसाहेब, आधी भिंत बघा, मग माल कालवा."

त्याप्रमाणे या वेळी काय केले, त्याची नोंद अशी. गाभाऱ्याच्या घडीव दगडाला गिलावा मुळीच दिला नाही. दरजा खरवडून चुन्याने भरल्या. शिखर व ओवरी यांच्या जुन्या विटांना चुना एक भाग, वाळू व सुरखी मिळून दोन भाग असे अस्तर दिले. त्याआधी कुजलेल्या विटा बदलल्या, लोणा झाडला व भिंत भिजवली. कारण कोरडी वीट मालातील पाणी ओढून घेते. धर्मशाळेच्या मातीच्या भिंतीला माती, तूस व शेण यांचाच गिलावा करून वर चुन्याची सफेदी दिली.

नवा सभामंडप सिमेंटमध्ये बांधला, म्हणून तेथे सिमेंटच योग्य. विटांच्या भिंतीला एकास सहा प्रमाणाचा १२ मिलिमीटरचा थर दिला व सात दिवस पाणी मारले. काँक्रीटचे खांब गुळगुळीत असल्याने त्यांना टोचे मारले, सिमेंट-वाळूचा पातळ माल फेकून अंग खरबरीत केले व मग गिलावा चढविला. खांब व वीट मिळतात तेथे तारेची जाळी ठोकली, नाहीतर त्या रेषेत हमखास तडा जातो. सर्व कामांत नियम एकच पाळला : वरचा थर खालच्यापेक्षा बळकट नसावा.

शेवटी एक विनंती. काही भाविकांची इच्छा आहे, की ओवरीला आतून टाइल्स लावाव्यात किंवा ऑइलपेंट द्यावा. त्यांच्या भावनेचा आदर आहे. माझ्या वडिलांचीही भावना तशीच शुद्ध होती. परंतु तसे केल्यास ओल पुन्हा कोंडेल आणि ही भिंत पुन्हा पडीला येईल. तिला दरवर्षी चुन्याची सफेदी द्यावी. खर्च थोडा व आयुष्य मोठे. ज्यांना टाइल्सच अर्पण करावयाच्या असतील, त्यांनी त्या सभामंडपासाठी द्याव्यात. कोणत्या भिंतीवर कोणते अस्तर आहे, त्याची यादी समितीच्या दप्तरात ठेविली आहे. पुढील जीर्णोद्धार करणाऱ्या मंडळींनी पहार उचलण्यापूर्वी ती अवश्य पाहावी, एवढीच श्रींच्या चरणी प्रार्थना.