आगीचं श्रेय किती?

‘स्मोक ऑन द वॉटर’चा विषय निघाला की एक मत ठरल्यासारखं पुढे येतं. ४ डिसेंबर १९७१ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावातला कॅसिनो जळाला, डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडने तो जळताना पाहिला आणि गाणं झालं. शिवाय गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी चार सुरांची ती रिफ इतकी सोपी, की सकाळी गिटार हातात घेतलेला पोरगा दुपारपर्यंत वाजवून दाखवतो. म्हणून ती जगभर पसरली. अपघाताने सुचलं, सोपेपणाने गाजलं, असा हा पूर्वपक्ष. तो मांडणारे अडाणी नाहीत, आणि बँडच्या मंडळींनीही मुलाखतींतून या कथेला पुष्कळ खतपाणी घातलं आहे. तरी ती टिकत नाही.

आग खरीच लागली. अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन झाडली आणि कॅसिनो भस्मसात झाला. नशिबाने जीव कुणाचा गेला नाही. पण पुढचा क्रम पाहा. डीप पर्पल तिथे आले होते अल्बम करायला. रोलिंग स्टोन्सचा ट्रकमधला फिरता स्टुडिओ त्यासाठीच भाड्याने आणला होता. कॅसिनो गेल्यावर त्यांना पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळालं. तिथे रात्री एवढा दणदणाट झाला की शेजाऱ्यांनी तक्रार केली, पोलीस आले, आणि बँडची माणसं आतून दार अडवून उभी असताना एका गाण्याचा वाद्यांचा भाग टेपवर उतरला. त्याला ना शब्द होते, ना आगीशी काही संबंध. ‘स्मोक ऑन द वॉटर’, म्हणजे पाण्यावरचा धूर, ही ओळ बेसवादक रॉजर ग्लोव्हरला काही दिवसांनी झोपेतून उठताना सुचली, आणि लोक तिचा संबंध अमली पदार्थांशी जोडतील म्हणून ती वापरायची की नाही, इथपासून शंका होती. बाकीचं काम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळांत गाद्या लावून झालं. अल्बमला काही मिनिटं कमी पडतात असं दिसलं, तेव्हा कुठे त्या बाजूला पडलेल्या चालीची आठवण झाली आणि गायक इयन गिलनचे शब्द तिच्यावर बसले.

म्हणजे आगीने जागा बदलायला लावली आणि मजकूर पुरवला. चाल आगीची नाही. मजकूरही नीट ऐकला तर आगीचं काव्य नव्हे. बातमीदाराने लिहावा तसा कोरडा वृत्तान्त आहे. आग दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर आटोपते आणि मग ध्वनिमुद्रणासाठी जागा शोधण्याची कटकट सुरू होते. (स्वतःच्या जन्माचा पंचनामा करणारी हिट गाणी फार नसतील.)

आता सोपेपणा. गिटारवादक रिची ब्लॅकमोरचे सूर आपल्या भाषेत मांडायचे तर सा, कोमल ग, शुद्ध म आणि तीव्र म. पण सूर एकेकटा वाजत नाही. प्रत्येकाच्या खाली चार सुरांच्या अंतरावर दुसरा आहे. षड्जाखाली मंद्र पंचम, तंबोऱ्यात असतो तसा. ही जोडी तो प्लेक्ट्रमने छेडत नाही, बोटांनी एकदम उचलतो, त्यामुळे दोन्ही सूर एकाच क्षणी फुटतात. पहिला तुकडा सरळ मात्रेवर पडतो. दुसरा समेची वाट न पाहता अर्धी मात्रा आधीच निघतो आणि बराच वेळ मात्रांच्या मधूनच चालतो. तीव्र मध्यम नेमका त्या अधांतरात येतो आणि शुद्ध मध्यमावर उतरल्यावर पाय जमिनीला टेकतात. वाद्यांच्या दुकानात ऐकू येते ती बहुतेक वेळा एका तारेवरची, पंचमाविना, मात्रेवर ठोकून बसवलेली आवृत्ती. ती सोपी आहे, यात वाद नाही. पण ती या गाण्याची रिफ नाही. शिवाय रेकॉर्डवर काम करते ती भर घालण्याची रीत. आधी नुसती गिटार, मग हाय-हॅट आणि जॉन लॉर्डचा फाटक्या आवाजातला ऑर्गन, मग इयन पेसचे पुरे ड्रम्स, आणि बेस सगळ्यांत शेवटी. गिलन तोंड उघडतो तोवर इमारत उभी राहिलेली असते.

आणि ‘मग ते हिट झालंच’ यातलं ‘मग’ तर फारच घाईचं आहे. तो अल्बम, ‘मशीन हेड’, मार्च १९७२मध्ये आला तेव्हा सिंगल म्हणून निवडलं गेलं ‘नेव्हर बिफोर’. ते ब्रिटनमध्ये ३५व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि विरलं. ‘स्मोक’ दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, म्हणजे जागा वाईट नव्हती, पण ते बाजारात खपेल असं कुणाला वाटलेलं दिसत नाही. ते वाढलं रंगमंचावर. ऑगस्ट १९७२मधल्या जपान दौऱ्यातलं ओसाकाचं सादरीकरण ‘मेड इन जपान’ या अल्बममध्ये आलं. मग मे १९७३मध्ये अमेरिकेत वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीने एका बाजूला चार मिनिटांच्या आत कापून बसवलेलं मूळ गाणं आणि दुसऱ्या बाजूला ते जपानी सादरीकरण असं सिंगल काढलं. जुलैअखेर ते तिथल्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकावर होतं. तोवर ज्यांनी शब्द दिले ते गिलन आणि ग्लोव्हर बँड सोडून गेलेले होते.

यावर कुणी म्हणेल, रेडिओवाल्यांनी ते उचललं तेही रिफमुळेच. मान्य. पण तीच रिफ वर्षभर लोकांसमोर होती; मधल्या काळात वाढले ते श्रोते, आणि बदलली ती गाण्याची लांबी. सोपेपणाच पुरेसा असता तर बँडच्या स्वतःच्या देशात त्याने काय केलं? ब्रिटनमध्ये ‘मशीन हेड’ पहिल्या क्रमांकावर गेला होता, रिफ तिथल्या पोरांच्याही बोटांत होती. तरी तिथे हे गाणं सिंगल म्हणून निघालं १९७७मध्ये, बँड मोडल्याच्या पुढच्या वर्षी, आणि २१व्या क्रमांकाच्या वर चढलं नाही.