थ्रेड : चिकटवायचा टायर की तारेचा? पंक्चरने घडवलेला सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/
पावसाळा सरला की लोहा-कंधारच्या माळांवर सराट्याची वेल वाळते आणि तिची काटेरी फळे रस्त्याच्या कडेला विखुरतात. औषधाच्या दुकानात हीच वनस्पती 'गोखरू' होते. जुन्या जगातून ती अमेरिकेत पोहोचली, तेव्हा तिथल्या लोकांनी तिला 'पंक्चर वाइन', म्हणजे पंक्चरची वेल, असे नाव दिले. आपल्या माळांवर माजलेली वेडी बाभूळ मात्र मूळची अमेरिका खंडाची. काट्यांची ही अदलाबदल ध्यानात ठेवा. आजच्या थ्रेडचा खरा नायक काटाच आहे.

२/
रोडबाईक घेणाऱ्या तरुणापुढे एक प्रश्न हमखास येतो : ट्युब्युलर टायर घ्यावा की क्लिंचर? शर्यतीत वापरलेली ट्युब्युलरची हलकी चाके कधीकधी स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. बहुतेक चर्चा वजन आणि वेग यांपाशीच थांबते. इतिहास मात्र वेगळा प्रश्न विचारतो : हा टायर फुटल्यावर तो कोण, कुठे आणि किती वेळात दुरुस्त करणार?

३/
आधी दोघांची रचना पाहू. ट्युब्युलरमध्ये कापडी आवरण आतल्या ट्यूबभोवती गुंडाळून खालच्या बाजूने शिवून टाकतात आणि ही बंद नळी रिमवर सिमेंटसारख्या चिकट द्रावाने बसवतात. क्लिंचर खालून उघडा असतो. त्याच्या दोन्ही काठांत तार किंवा मजबूत धागा असतो, हे काठ रिमच्या कडांमध्ये अडकतात आणि ट्यूब आत सुटी राहते. गावातल्या साध्या सायकलचा टायर याच दुसऱ्या कुळातला.

४/
हवा भरलेल्या चाकाची कल्पना प्रथम मांडली ती रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने, १८४५ च्या पेटंटात. पण तेव्हा सायकलच नव्हती, त्यामुळे कल्पना विस्मृतीत गेली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तिचाकीसाठी तीच गोष्ट नव्याने शोधली आणि पेटंट घेतले. पुढे थॉमसनचा जुना दाखला सापडला आणि डनलॉप यांच्या पेटंटाचा आधारच गेला.

५/
१८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या स्पर्धेत विली ह्यूम हा स्वार हवेचे टायर लावून उतरला आणि जिंकला. भरीव रबरावर धावणारे प्रतिस्पर्धी मागे पडले. वेगाचा निकाल त्याच दिवशी लागला. दुरुस्तीचा निकाल लागायचा होता. डनलॉप यांचा पहिला टायर कापडी पट्ट्यांनी लाकडी रिमवर चिकटवलेला असे. काटा रुतला की सारे उकलून पुन्हा चिकटवावे लागे.

६/
फ्रान्समधील क्लेर्मों-फेराँ येथे मिशलँ बंधूंचा रबराचा कारखाना होता. १८८९ मध्ये एक सायकलस्वार पंक्चर झालेला असाच टायर घेऊन तिथे आला. मिशलँ कंपनीच्या इतिहासात नोंदले जाते ते असे : दुरुस्तीला तीन तास लागले, चिकटवलेला टायर रात्रभर वाळत ठेवावा लागला आणि सकाळी एदुआर मिशलँ सायकलवर बसून थोडे अंतर गेले, तोच तो पुन्हा फुटला. चाक उत्तम आहे, पण स्वाराला स्वतःच्या हाताने काढता-घालता येत नाही तोवर ते अपुरे आहे, हे त्यांनी ओळखले.

७/
१८९० हे कलाटणीचे वर्ष. चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी काठात तार असलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनी जाड रबरी काठ रिमच्या खाचेत धरून ठेवणारा टायर काढला. 'क्लिंचर' हे नाव बार्टलेटच्या टायरचे. काळाच्या ओघात त्याची रचना मागे पडली, नाव मात्र वेल्चच्या रचनेला चिकटले. आज आपण ज्याला क्लिंचर म्हणतो, त्याचे नाव एकाचे आणि देह दुसऱ्याचा. दोन्ही पेटंटे डनलॉप कंपनीने विकत घेतली. मूळ पेटंट निसटल्यावर कंपनी तगली ती याच खरेदीच्या बळावर.

८/
सप्टेंबर १८९१. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायचे, अंतर सुमारे १२०० किलोमीटर. शार्ल तेराँ मिशलँचे सुटे टायर लावून उतरला. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी झिएल-लाव्हाल डनलॉपच्या टायरवर होता. तेराँला वाटेत पंक्चरने गाठलेच, तरी सुमारे ७१ तासांत तो पहिला आला. सहज काढता-घालता येणाऱ्या टायरची युरोपभर चर्चा झाली ती या विजयामुळे.

९/
पुढच्याच वर्षी मिशलँ बंधूंनी पॅरिस ते क्लेर्मों-फेराँ अशी शर्यत भरवली. आपला टायर किती झटपट दुरुस्त होतो हे लोकांना दिसावे म्हणून त्यांनी रस्त्यावर चक्क खिळे टाकवले, असे सांगितले जाते. 'आमचा टायर फुटत नाही' असे त्यांचे म्हणणे नव्हतेच. 'फुटला तरी तुमचे अडत नाही' हे त्यांना दाखवायचे होते.

१०/
मग शर्यतीच्या जगात विसाव्या शतकभर ट्युब्युलर का टिकला? कारणे खरी होती. रिमला उंच कडा लागत नसल्याने चाक हलके राहते. खड्ड्यात रिमखाली ट्यूब चिमटली जाण्याची भीती कमी. हवा गेली तरी चिकटवलेला टायर काही अंतर रिमवर तग धरतो. शिवाय स्वार फुटलेला टायर ओढून काढी आणि खांद्यावर आडवा टाकलेला दुसरा चढवून पुढे निघे. खरी दुरुस्ती घरी : पट्टी सोलायची, शिवण उसवायची, ठिगळ लावायचे, पुन्हा शिवायचे, पुन्हा चिकटवायचे. हे परवडते ते ज्याच्यापाशी टायरांचा साठा आणि हाताशी माणसे आहेत त्याला.

११/
तो साठा केवढा असे? १९५१ च्या टूर द फ्रान्समध्ये विम व्हान एस्ट हा पिवळी जर्सी मिळवणारा पहिला डच स्वार ओबिस्कच्या उतारावर दरीत कोसळला. सुदैवाने वाचला. त्याला वर काढायला दोर अपुरा पडला, तेव्हा संघाने गाडीतले ४० ट्युब्युलर टायर एकमेकांना बांधून दोर केला. माणूस वर आला, टायर मात्र ताणले जाऊन निकामी झाले. एका संघाच्या गाडीत ४० टायर : ट्युब्युलर कोणत्या व्यवस्थेच्या आधारावर जगतो, हे सांगायला एवढी घटना पुरे.

१२/
आता भारतात येऊ. १९३६ मध्ये डनलॉपचा कारखाना बंगालमधील साहागंज येथे उभा राहिला. पण खेड्यापाड्यांत सायकल रुजली ती कारखान्याइतकीच पंक्चरच्या दुकानामुळे. पाण्याचे घमेले, घासकागद, सोल्युशनची नळी, जुन्या ट्यूबची ठिगळे आणि हवेचा पंप एवढ्या सामग्रीवर झाडाखाली दुकान चालते. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे दिसले की भोक सापडले. आपल्या साध्या सायकलच्या ज्या व्हॉल्व्हवर रबराची बारीक नळी चढवतात, त्याचे नाव आजही 'डनलॉप व्हॉल्व्ह' आहे. हे सारे ज्ञान सुट्या ट्यूबचे ज्ञान आहे. शिवलेल्या टायरपुढे ते हतबल होते.

१३/
मराठवाड्याला आणखी एक बाब लागू पडते : ऊन. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उतारावर रिमब्रेक दाबत राहिले की रिम तापते आणि चिकटद्रव्य मऊ होते. २००३ च्या टूरमध्ये, कडक उन्हात, गाप शहराकडे उतरताना होसेबा बेलोकी याचे मागचे चाक वितळत्या डांबरावर घसरले आणि चिकटवलेला टायर रिमवरून सुटला. त्याच्या मांडीचे हाड मोडले. चिकटवण्याचे काम थरावर थर देत, वाळवत, सवयीच्या हातानेच करावे लागते. त्यात कुचराई झाली तर किंमत स्वार मोजतो.

१४/
महाराष्ट्रातील दोन उदाहरणे शेजारी ठेवा. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पूर्ण केली. तिथे स्वारासोबत मदतीचे पथक असणे नियमानेच बंधनकारक आहे. दुसरीकडे पुणे, नाशिक, नागपूर येथून निघणाऱ्या ब्रेव्हे पाहा : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, आणि ठरलेल्या थांब्यांखेरीज वाटेत कुणी मदतीची गाडी आणायची नाही. याच ब्रेव्हे पार करून आपले स्वार आज पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जातात. तेराँने सुट्या टायरवर जिंकली तीच ही वाट!

१५/
आणि वेग? तोही आता ट्युब्युलरची मिरास राहिलेला नाही. रस्त्यावरच्या ट्युब्युलरखालचा मऊ चिकट थर प्रत्येक फेऱ्यात थोडी ऊर्जा खातो. उत्तम क्लिंचर आणि लवचिक ट्यूब यांची जोडी चाचण्यांत त्याच्या बरोबरीने, कित्येकदा पुढेही राहते. व्यावसायिक संघ तर गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर ट्यूबलेसकडे वळले. बालेवाडीतल्यासारख्या वेलोड्रोमवर, जिथे काटा नाही आणि घरी परतायला लांबचा रस्ता नाही, तिथे ट्युब्युलर अजून शोभतो.

१६/
म्हणून लोह्याहून नांदेड किंवा अहमदपूरकडे एकट्याने निघणाऱ्याने क्लिंचरच घ्यावा. मात्र दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. साध्या सायकलचा २८ चा टायर ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, रोडबाईकची रिम ६२२ ची असते. म्हणजे गावातल्या दुकानात ठिगळ मिळेल, टायर मिळेलच असे नाही. शिवाय रोडबाईकच्या बारीक व्हॉल्व्हला साधा पंप लागत नाही. एक जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि व्हॉल्व्हचा छोटा जोड खिशात असू द्यावा.

१७/
तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शोध लावणाऱ्यांच्या नावाने वाचतो. पण कोणते यंत्र टिकणार, हे पुष्कळदा दुरुस्त करणारे हात ठरवतात. डनलॉप, वेल्च, बार्टलेट, मिशलँ ही नावे पुस्तकांत आहेत. आपल्या तालुक्यात पहिले पंक्चरचे दुकान कुणी घातले, ते हा हुन्नर कुणाकडून शिकले, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. ते सांगू शकणारी माणसे आता थकत चालली आहेत. वाचकहो, या आठवड्यात आपल्या गावच्या सर्वांत जुन्या दुकानात जा, त्यांची परवानगी घेऊन चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून ठेवा. या थ्रेडचा पुढचा भाग तुमच्या वह्यांतून यावा.