फोटोमागची नावं

आपल्या महाड-पोलादपूरकडे पुष्कळ घरांत एखादा जुना काळा-पांढरा फोटो असतो. कॅमेऱ्यामागे कोण होतं, हे आपण सहसा विचारत नाही. पण ही कला आपल्याकडे रुजली त्यात बायकांचे हात किती होते, ते आज आम्ही सांगणार आहोत.

गोष्ट १९१२ सालची. दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. लाकडी पेटीसारखा, हाताने दांडी फिरवून चालवायचा. कोऱ्या फिल्मच्या कडांना तेव्हा भोकंही पाडलेली नसत. ती भोकं घरीच अंधारात, यंत्रावर पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. फिल्म धुण्याची रसायनं कालवायलाही त्या शिकल्या.

हे धुणं म्हणजे काय? काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. उजेड पडला की त्यात बदल होतो, पण डोळ्याला काही दिसत नाही. रसायनात बुडवल्यावर उजेड पडलेली जागा काळी होते. म्हणून निगेटिव्हवर पांढरं लुगडं काळं दिसतं आणि काळे केस पांढरे. मग दुसऱ्या रसायनाने उरलेले क्षार काढून टाकायचे आणि पाण्याने स्वच्छ धुवायचं. त्याआधी उजेड लागला तर सगळी मेहनत वाया.

विजेचे दिवे नव्हते, शूटिंग उन्हात चाले. सरस्वतीबाई पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहत, म्हणजे ऊन नटांच्या तोंडावर परतावं. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच अंगावर. भांडवलासाठी त्यांचे दागिनेही गेले. ३ मे १९१३ ला मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही, ते अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. पडद्यावर बाई नव्हती, पण पडद्यावर जे दिसत होतं त्यात एका बाईचे कष्ट होते. दादासाहेबांचं नाव आज शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. सरस्वतीबाईंचं किती जणींना ठाऊक आहे?

त्याच १९१३ सालच्या डिसेंबरात नवसारीला होमाई व्यारावाला जन्मल्या. मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या आणि पुढे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. त्यांच्याकडे रोलीफ्लेक्स कॅमेरा असे. तो पोटाशी धरून वरून आत पाहायचं. एका रोलवर बाराच फोटो, म्हणून प्रत्येक फोटो विचार करून काढायचा. पण सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापून आले. पुढे मात्र त्यांनी स्वतःच्या नावाने दिल्ली गाजवली. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

मैत्रिणींनो, हे आपल्या ओळखीचं आहे ना? भातलावणीला कमरेत वाकायचं आपण आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. कर्ज गटातून आपण उचलायचं, हप्ता आपण फेडायचा, आणि दुकानाच्या पाटीवर नाव दुसऱ्याचं. गटाच्या सभेच्या वहीत आपण हजर बाईचं नाव लिहितो, सही घेतो. ज्या कामाला नाव लागत नाही, ते पुढच्या पिढीला दिसत नाही.

२०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं. धान्य, कपडे, कागदपत्रं भिजली, तसे फोटोही भिजले. पुन्हा अशी वेळ आली तर भिजलेले फोटो एकमेकांवर ठेवून वाळू देऊ नका, चिकटतात. थंड, स्वच्छ पाण्यातून हलक्या हाताने काढा, चित्राच्या बाजूला बोट लावू नका, आणि सावलीत सुटे, चित्र वर करून वाळवा.

आणि पूर येण्याची वाट न बघता एक काम करा. घरातले जुने फोटो काढा, म्हाताऱ्या बायकांना जवळ बसवा. कोण कुठे बसलंय, माहेर कुठलं, सासर कुठलं, ते विचारा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा. ‘अमक्याची आई’ असं लिहू नका. तिचं स्वतःचं नाव लिहा. तुमच्या गटाची पुढची सभा असेल तेव्हा एकेक फोटो घेऊन या. आम्हीही आमचे घेऊन येतो.