एकशेवीस पानांमागचा चितारी

जून १५२७ मधल्या एका नोंदीत बाबर सांगतो, की सिंधमधल्या ठठ्ठ्याच्या शाह हसनने गंजिफा, म्हणजे खेळायची पानं, मागितल्या होत्या, त्या मीर अलीच्या हाती रवाना केल्या. त्याच शतकाच्या अखेरीस अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफांचं वर्णन करतो. मागणारा, पाठवणारा, नेणारा, सगळे इथे नावानिशी भेटतात. पानं रंगवणारा मात्र भेटत नाही.

म्हणून सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांच्या चिताऱ्याला शोधायचं तर खुद्द पानंच वाचावी लागतात. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा, अशी १२ पानं. एकूण १२०. राजा-प्रधानांची चित्रं २०. उरलेल्या शंभर पानांवर मासा, कासव, परशू अशी अवताराची खूण पानाच्या किमतीइतक्या वेळा काढायची. एका रंगात ५५ खुणा, दहा रंगांत ५५०. तीच खूण एक्क्यावर ऐसपैस बसते, दश्शीवर मात्र त्याच लहानशा गोल पानात दहा वेळा मावावी लागते, आणि तरीही खेळणाऱ्याला नजर टाकताच कळावी लागते. दिवसा रामाचा रंग आधी, रात्री कृष्णाचा, हा नियम खेळणाऱ्यांचा. चिताऱ्याला दोन्हींवर सारखीच मेहनत होती.

त्यात पानं घडवण्याचं काम वेगळंच. जुन्या रीतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवत, वर खडूचा लेप देऊन दगडाने घोटत, मग रंग आणि लाख चढवत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला विझत आली, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. सत्वशीलादेवी ती शिकल्या वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून. या परंपरेतल्या चिताऱ्याला इथे नाव मिळालं.

पानं रंगवणाऱ्याचं नाव मागे पडणं फक्त इथलंच नाही. लंडनमध्ये चित्रकार पामेला कोलमन स्मिथने १९०९ साली टॅरोची ७८ पानं चितारली. ज्या अंकांच्या पानांवर बहुतेक संचांत नुसत्या खुणाच असत, त्या पानांवरही तिने माणसं आणि प्रसंग काढले. त्या नोव्हेंबरात छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झला लिहिलेल्या पत्रात ती कळवते, की मोठं काम संपलं, पण पैसे फार थोडे मिळाले. संच मात्र प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांच्या नावांनी ओळखला गेला. तरीही ते पत्र आणि पानांवरची तिच्या आद्याक्षरांची सही उरली, म्हणून तिचं श्रेय आज सिद्ध करता येतं.

गंजिफांच्या चिताऱ्यांची अशी पत्रं सहसा सापडत नाहीत. म्हणून ज्यांच्या घरी जुना संच असेल, त्यांनी तो कुणी केला, केव्हा आणि कुठून घेतला, हे आठवेल तेवढं आजच लिहून डबीत ठेवावं. आणि आज संच विकत घेणाऱ्याने रंगवणाऱ्याची सही मागून घ्यावी.