एका खासदाराचा पक्ष

धर्माच्या नावाचा पक्ष म्हटला की आपण तो उजवा धरूनच चालतो. परवा टपरीवर हाच वाद झाला, म्हणून हे लिहितोय. नेदरलँड्समध्ये दहा वर्षं एक पक्ष होता. बायबल हातात, आणि राजकारण डावं. इव्हँजेलिकल पीपल्स पार्टी, डच आद्याक्षरांत ई.व्ही.पी.

तिकडे १८७९ मध्ये अब्राहम कायपर यांनी प्रोटेस्टंटांचा पक्ष काढला, त्या देशातला पहिला संघटित पक्ष. शंभर वर्षांनी, १९८० मध्ये, तो, कॅथलिकांचा पक्ष आणि आणखी एक प्रोटेस्टंट पक्ष असे तिघं मिळून सी.डी.ए. हा मोठा पक्ष झाला. हे लोक आधीपासूनच उजव्या लिबरलांबरोबर सरकारात बसलेले. काही जुन्या कार्यकर्त्यांना ते पटेना. 'आत राहूनच सुधारणा करू' हे तर आपल्याकडेही रोज ऐकतो. ही माणसं मात्र बाहेर पडली आणि मार्च १९८१ मध्ये नवा पक्ष काढला. गरिबांची बाजू, पर्यावरण, आणि अण्वस्त्रांना ठाम विरोध.

अण्वस्त्रांचा प्रश्न तेव्हा घराघरात पेटला होता. वुन्सड्रेख्तला ४८ अमेरिकन क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचा नाटोचा बेत होता. १९८१ मध्ये ॲमस्टरडॅमला चार लाखांच्या आसपास, १९८३ मध्ये हेगला साडेपाच लाख लोक रस्त्यावर आले. देशाची लोकसंख्या जेमतेम दीड कोटी! पुढे चर्चच्या शांतता समितीची माणसं होती. म्हणजे रविवारी प्रार्थनेला जाणारेच मोर्चात, आणि त्यांनी मत दिलेला पक्ष सरकारात.

तरी मतं कुठे गेली? १९८१ मध्ये ई.व्ही.पी.ला एकही जागा नाही. १९८२ मध्ये साधारण ०.७ टक्के मतं पडली आणि कॅथी उबल्स खासदार झाल्या. आपल्याकडे एवढ्या मतांत अनामत जप्त होते. तिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, १५० पैकी एक आली. पुढे क्षेपणास्त्रांसकट सरकारच्या धोरणांवर चिडून सी.डी.ए.चे दोन खासदार बाहेर पडले, पण दोघांपैकी एकही इकडे आला नाही. हे मला सगळ्यात बोलकं वाटतं. रागावलेल्या माणसालाही एवढ्या छोट्या घरात शिरायची भीती वाटते.

१९८६ मध्ये तीही जागा गेली. कम्युनिस्टांचीही सगळी गेली. मग १९८९ ला ई.व्ही.पी., कम्युनिस्ट, शांततावादी समाजवादी आणि रॅडिकल अशा चौघांनी 'ग्रुनलिंक्स' नावाने एकत्र यादी दिली. देव मानणारे आणि देव न मानणारे एकाच यादीत! सहा जागा आल्या. १९९१ मध्ये ई.व्ही.पी. विसर्जित झाली.

क्षेपणास्त्रं ठेवायचा निर्णय सरकारने १९८५ मध्ये घेतला होता. पण १९८७ मध्ये अमेरिका-सोव्हिएत करार झाला आणि वुन्सड्रेख्तला ती आलीच नाहीत.