एका गादीचे चार धनी

चांदबिबीचे नाव घेतले की नगरच्या तटावर तलवार घेऊन उभी राहिलेली शूर स्त्री डोळ्यांपुढे येते. ते खरेच आहे. पण मोगल नगरला आले कसे, हे पाहू गेले तर घरातलीच भांडणे दिसतात. निजामशाही आपल्यालाही परकी नव्हे. जुन्नर, शिवनेरी, चावंड हा सारा मुलूख त्याच राज्यातला.

चांदबिबी ही हुसेन निजामशहाची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाला ती दिली होती. १५८० साली त्याचा खून झाला. पोटी मूल नाही. गादीवर आला दिराचा नऊ वर्षांचा मुलगा इब्राहिम. त्याला तिने सांभाळले. सरदारांना ते खुपले आणि किश्वरखानाने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. पुढे सुटून ती माहेरी आली.

माहेरची तऱ्हा तर काय सांगावी! तिचा भाऊ मुर्तजा याला १५८८ साली पोटच्या मुलानेच मारले आणि वर्षभरात तो मुलगाही मारला गेला. दुसरा भाऊ बुऱ्हाण १५९५ साली वारला. त्याचा मुलगा इब्राहिम चार-सहा महिन्यांत लढाईत पडला. मागे उरला तान्हा बहादूर, तिच्या भाच्याचा मुलगा, म्हणजे नात्याने नातूच.

मग चार पक्ष झाले. मियाँ मंजूने अहमद नावाचा मुलगा राजवंशाचा म्हणून गादीवर बसवला आणि बहादूरला चावंडच्या किल्ल्यात कोंडले. अहमद त्या वंशाचा नव्हे असे पुढे निघाले. इखलासखान हबशाने मोती नावाचे एक पोर पुढे केले. ते म्हणे बाजारातून आणलेले! आहंगखानाने सत्तरी ओलांडलेल्या शहा अलीचा कैवार घेतला. चांदबिबी बहादूरच्या बाजूने उभी राहिली. या तिघा सरदारांना राजा नको होता, राजाच्या नावाचा शिक्का हवा होता.

मियाँ मंजूला आपले बळ अपुरे वाटले, तेव्हा त्याने गुजरातेतून अकबराच्या मुलाला, मुरादला, बोलावणे पाठवले. घरच्या भांडणात चोराला किल्ली द्यावी तसे झाले. मागून त्याला पस्तावा झाला, पण मोगल वेशीपाशी आले होते. कारभार चांदबिबीने हाती घेतला. फेब्रुवारी १५९६ मध्ये सुरुंगाने तट उडाला. ती चिलखत घालून, तोंडावर बुरखा घेऊन भगदाडापाशी आली आणि रातोरात भिंत उभी करवली. मग वऱ्हाड देऊन तिने तह केला. वऱ्हाड गेले म्हणून पुष्कळ जण तिला नावे ठेवतात. मला वाटते, तिचे खरे शहाणपण त्या तहातच होते. नगर राहिले, मूल राहिले.

पण सरदार काही सुधारले नाहीत. तिने कारभारी नेमलेल्या महंमदखानाने तर पुन्हा मोगलांनाच साद घातली. नंतर आलेला आहंगखानही तिच्यावरच उलटला. १६०० साली दानियाल चालून आला तेव्हा आहंगखान जुन्नरकडे निघून गेला. तिने सल्ला दिला, किल्ला देऊ, माणसे वाचवू आणि बहादूरला घेऊन जुन्नरला जाऊ. हमीदखानाने ती मोगलांना फितूर झाल्याची ओरड रस्त्यावर केली. जमाव महालात शिरला आणि ज्यांच्यासाठी ती भगदाडात उभी राहिली होती त्यांनीच तिला ठार मारले.

ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूरला मोगलांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले.