सामाजिक माध्यमांतील विदा : संकलन व विश्लेषण

फेसबुक, ट्विटर, रेडिट यांसारख्या सामाजिक माध्यमांवर लोक जे लिहितात, ज्यांच्याशी संबंध जोडतात व ज्या मजकुरास पसंती दर्शवितात, त्यांच्या नोंदी संगणकीय आज्ञावलींच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर गोळा करून त्यांवरून समाजातील मते, संबंध व वर्तन यांविषयी अनुमाने काढण्याची संशोधनपद्धती. अशा नोंदींच्या समूहास विदा किंवा रूढ भाषेत डेटा म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही पद्धती उदयास आली. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, भाषाविज्ञान, सार्वजनिक आरोग्य व वृत्तव्यवसाय या क्षेत्रांत तिचा वापर झाला. तिच्या वाटचालीत साधनांच्या प्रगतीइतकाच निर्णायक ठरलेला प्रश्न म्हणजे ही विदा कोणाच्या ताब्यात असावी व ती कोणास पाहता यावी, हा होय.

पूर्वपीठिका : माणसामाणसांतील संबंध बिंदू व रेषा यांनी दाखविण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा आकृत्या वापरून समूहातील आकर्षण व दुरावा यांचे मापन केले. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील दूरदूरच्या अनोळखी व्यक्तींना परिचितांची साखळी किती कड्यांनी जोडते, हे टपालाद्वारे तपासले. या अभ्यासांत प्रत्येक नोंद प्रश्नावली, मुलाखत किंवा पत्र यांमधून मिळवावी लागे. त्यामुळे अभ्यासविषय झालेल्यांची संख्या मर्यादित राही; मात्र आपली माहिती कोणी तरी घेत आहे, याची उत्तर देणाऱ्यास सामान्यतः जाणीव असे. सामाजिक माध्यमांच्या आगमनानंतर ही स्थिती पालटली. फेसबुक २००४ मध्ये व ट्विटर २००६ मध्ये सुरू झाले. त्यांवरील प्रत्येक कृतीची नोंद आपोआप होऊ लागली व ती कंपनीच्या संगणकांत साठू लागली.

साधने व कार्यपद्धती : संकलनाचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिल्यात कंपनीने स्वतः ठेवलेल्या अधिकृत द्वाराचा उपयोग होतो. त्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून एपीआय म्हणतात. संशोधकाची आज्ञावली ठराविक स्वरूपात मागणी पाठविते आणि कंपनीचा संगणक लेखकाचे खाते, मजकूर, वेळ, प्रतिसादांची संख्या इ. तपशील सुटसुटीत रचनेत परत पाठवितो. ठराविक कालावधीत किती मागण्या करता येतील यावर मर्यादा असते. ती संपली की आज्ञावलीस थांबावे लागते. दुसऱ्या मार्गात आज्ञावली सर्वांना दिसणारी पृष्ठे एकामागून एक उघडून त्यांतील मजकूर वेचून घेते. यास स्क्रेपिंग म्हणतात. पहिला मार्ग कंपनीच्या अनुमतीवर अवलंबून असतो, तर दुसरा बहुधा तिच्या इच्छेविरुद्ध चालतो.

या कामासाठी मुख्यत्वे पायथन व आर या संगणकीय भाषा वापरल्या जातात. गीदो व्हान रॉसम यांनी पायथन १९९१ मध्ये प्रसृत केली. आर ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी घडविली. दोन्ही विनामूल्य असल्याने साध्या संगणकावर एकट्या अभ्यासकासही संकलन करणे शक्य झाले.

गोळा झालेली विदा तशीच वापरता येत नाही. पुनरावृत्त संदेश, जाहिराती व यंत्रचालित खात्यांनी पाठविलेला मजकूर प्रथम वगळावा लागतो. त्यानंतर शब्दांची वारंवारता मोजणे, कोण कोणास उत्तर देतो यावरून संबंधांचे जाळे रेखाटणे व मजकुराचा कल अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ आहे हे ठरविणे, अशा प्रक्रिया केल्या जातात. शेवटच्या प्रक्रियेस भावविश्लेषण म्हणतात. आरंभी ती शब्दांच्या तयार याद्यांवर आधारलेली असे. पुढे माणसांनी वर्गीकरण केलेल्या नमुन्यांवरून संगणकास शिकविण्याची रीत रूढ झाली.

उत्कर्षकाल : ट्विटरने २००६ मध्येच आपले एपीआय खुले केले. तेथील बहुतेक संदेश सार्वजनिक असल्याने संशोधकांचा ओढा त्याकडे राहिला. दक्षिण कोरियातील कैस्ट या संस्थेतील हेवून क्वाक व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये ४ कोटी १७ लाख खाती व त्यांमधील सु. १४७ कोटी संबंध यांची विदा गोळा केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसून आले की, परस्परांशी जोडलेल्या जोड्यांपैकी केवळ २२.१ टक्क्यांत संबंध दुतर्फी होता. त्यावरून ट्विटर हे स्नेहसंबंधांच्या जाळ्यापेक्षा वृत्तमाध्यमाशी अधिक जवळचे आहे, असा निष्कर्ष काढता आला. प्रश्नावलीच्या मार्गाने असे मापन अशक्य होते.

या यशातून अतिरिक्त अपेक्षाही निर्माण झाल्या. जर्मनीतील २००९ च्या संसदीय निवडणुकीत पक्षांच्या उल्लेखांचे ट्विटरवरील प्रमाण प्रत्यक्ष मतांच्या प्रमाणाशी जवळजवळ जुळते, असा दावा २०१० मध्ये करण्यात आला. आंड्रेयास युंगहेर व इतरांनी तो तपासला, तेव्हा मूळ अभ्यासात केवळ संसदेत असलेले पक्ष मोजल्याचे आढळले. पायरेट पक्षही मोजला असता, तर सर्वाधिक उल्लेख त्याचेच ठरले असते. प्रत्यक्षात त्या पक्षास सु. २ टक्के मते पडली व एकही जागा मिळाली नाही. माध्यमावर बोलणारे लोक म्हणजे सर्व मतदार नव्हेत आणि नोंदींची संख्या कितीही मोठी असली, तरी त्यामुळे नमुना प्रातिनिधिक होत नाही, ही गोष्ट या उदाहरणाने ठळक केली.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने एप्रिल २०१० मध्ये सर्व सार्वजनिक ट्विटर-संदेश जतन करण्याचे जाहीर केले. जानेवारी २०१३ पर्यंत सु. १७,००० कोटी संदेश जमा झाले. परंतु २००६ ते २०१० या काळातील संदेशांत एकदा शोध घेण्यासही ग्रंथालयाच्या तत्कालीन यंत्रणेस २४ तास लागत. १ जानेवारी २०१८ पासून निवडक संदेशच जतन करण्याचे धोरण ग्रंथालयाने स्वीकारले आणि वापराविषयीचे प्रश्न सुटेपर्यंत जुना संग्रह अभ्यासकांस खुला होणार नाही, असे स्पष्ट केले.

संमती व खाजगीपणा : हार्व्हर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये एका महाविद्यालयातील सु. १,७०० विद्यार्थ्यांची फेसबुकवरील विदा नावे काढून प्रसिद्ध केली. सोबतच्या वर्णनातील तपशिलांवरून ते महाविद्यालय हार्व्हर्डच असल्याचे थोड्याच दिवसांत ओळखले गेले. मायकेल झिमर यांनी २०१० मध्ये या प्रकरणाचे विवेचन करून, माहिती इतरांना दिसू शकते एवढ्यावरून ती गोळा करण्यास संमती आहे असे मानता येत नाही, हा मुद्दा मांडला. जून २०१४ मध्ये फेसबुकच्या एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यात ६,८९,००३ व्यक्तींना दिसणाऱ्या मजकुरातील आनंदी वा दुःखी संदेशांचे प्रमाण त्यांना न कळविता बदलण्यात आले होते. निबंध छापणाऱ्या नियतकालिकासच पुढे संमतीच्या प्रश्नाविषयी चिंता व्यक्त करणारे निवेदन द्यावे लागले.

निर्बंधांचा काल : मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आले. फेसबुकवरील एका व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या द्वारे ती चाचणी घेणाऱ्यांचीच नव्हे, तर त्यांच्या मित्रांचीही विदा गोळा होऊन ती राजकीय प्रचाराशी संबंधित संस्थेकडे गेली होती. फेसबुकच्या अंदाजानुसार बाधितांची संख्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत होती. भारतात केवळ ३३५ व्यक्तींनी ती चाचणी घेतली असता सु. ५ लाख ६२ हजार जण बाधित झाल्याची शक्यता कंपनीने वर्तविली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये फेसबुकला ५०० कोटी डॉलर दंड केला. मित्रांची विदा देणारी सोय फेसबुकने २०१५ मध्येच बंद केली होती. एप्रिल २०१८ पासून इतर द्वारेही बंद वा अरुंद झाली आणि गैरव्यवहाराशी संबंध नसलेल्या संशोधकांचीही कामे खोळंबली.

ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये विद्यापीठीय अभ्यासकांस संपूर्ण संग्रहातून महिन्यास १ कोटी संदेश विनामूल्य घेण्याची मुभा दिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीची मालकी ईलॉन मस्क यांच्याकडे गेली व २०२३ मध्ये ही मुभा रद्द झाली. त्याच वर्षी माध्यमाचे नाव एक्स असे झाले. मे २०२३ मध्ये रेडिटने पुशशिफ्ट या संग्रहाचा प्रवेश तोडला. फेसबुकवरील सार्वजनिक मजकुराचा माग घेणारे क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद करण्यात आले. ट्विटरच्या नियमांमुळे अनेक संशोधकांनी मूळ मजकुराऐवजी संदेशांचे केवळ क्रमांक प्रसिद्ध केले होते. विनामूल्य प्रवेश संपल्याने त्या क्रमांकांवरून संदेश पुन्हा मिळविणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेले आणि प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पडताळण्याचा मार्गच खुंटला. एखाद्या शास्त्राच्या दृष्टीने ही हानी गंभीर होय. यूरोपीय संघाच्या डिजिटल सेवा अधिनियमाने अतिविशाल माध्यमांना संशोधकांस विदा देण्याचे बंधन घातले आहे. कंपनीच्या मर्जीऐवजी कायद्याने मिळालेला हक्क, हे या तरतुदीचे वैशिष्ट्य आहे.

भारत व मराठी : केंद्र सरकारने २०१८ मध्ये सामाजिक माध्यमांवरील मजकुराचे संकलन व विश्लेषण करणारे केंद्र योजिले होते. त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले व ऑगस्ट २०१८ मध्ये ती योजना मागे घेण्यात आली. संशोधकाचे साधन पाळतीचेही साधन होऊ शकते, हे त्या वादातून दिसून आले. त्याच्या आदल्या वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला होता. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली विदा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली आहे.

मराठी मजकुराच्या विश्लेषणात काही खास अडचणी येतात. मराठी व हिंदी यांची लिपी एकच असल्याने लहान संदेशाची भाषा ओळखताना संगणकाची गफलत होते. अनेक जण मराठी रोमन लिपीत लिहितात व एकाच शब्दाची वर्णरचना व्यक्तिगणिक बदलते. प्रत्यय व सामान्यरूपे यांमुळे एका शब्दाची अनेक रूपे होतात. उपरोधाने केलेली स्तुती शब्दयादीवरून ओळखता येत नाही. इंग्रजीसाठी घडविलेली साधने येथे अपुरी पडतात. या दृष्टीने पुण्यातील एल३क्यूब या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला महासेंट हा संग्रह उल्लेखनीय आहे. त्यात सु. १६,००० मराठी ट्विटर-संदेश अनुकूल, प्रतिकूल व तटस्थ अशा तीन गटांत विभागलेले आहेत. पुढील वर्षी याच गटाने द्वेषमूलक मजकुराचा २५,००० हून अधिक संदेशांचा संग्रह सिद्ध केला. हे दोन्ही संग्रह ट्विटरचे द्वार खुले असतानाच्या काळातील आहेत. ते द्वार बंद झाल्यावर अल्प साधने असलेल्या भाषांतील नव्या संग्रहांचे काम अधिक खर्चाचे व अधिक कठीण झाले आहे.